मांडीवरचा हात

बायको: ...तर तो एक शब्द मी म्हणणार नाही. तुम्हीच समजून घ्या.

नट: समजून काय घ्या? लग्न झाल्यापासूनचा आपला रिवाज आहे. माझा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी दुपारचा खेळ तू बघून यायचं आणि लोक जे म्हणाले ते मला शब्दाला शब्द सांगायचं. त्यात गाळणं नाही.

बायको: रिवाज आहे, नाही कुठं म्हणते? पण जो शब्द मी आजवर तोंडातून काढला नाही, तो आज तुमच्या सिनेमासाठी काढू का? 'अमुक सिनेमा' असं धरून चाला. आमच्या पुढच्या रांगेत कॉलेजातली तीन मुलं बसली होती. त्यांतला मधला म्हणाला, काय अमुक सिनेमा आहे. आणि पाय वर घेऊन आडवा झाला.

मेहुणा: भाऊजी, मी सांगतो तो काय म्हणाला ते.

बायको: तू गप्प बस. तुला सोबतीला नेलं होतं, बोलायला नाही.

मेहुणा: वा. गॅरेज बंद ठेवलं, पदरचं तिकीट काढलं, अडीच तास मान आखडवून घेतली, आणि आता बोलायचंही नाही. बरं, पण भाऊजी, तुम्ही असे खिडकीकडे तोंड करून का बसलाय? वर्गात शिक्षा झाल्यासारखे.

बायको: तीच पद्धत आहे त्यांची. त्यांचं तोंड दिसलं की मला पुढचं सांगवत नाही. म्हणून ते पाठ करून बसतात आणि मी पाठीला सांगते. शिव्या आधी, शाबासकी मागून.

मेहुणा: मग आज पाठीला बराच वेळ बसावं लागणार.

नट: बोलू दे तिला. हं, त्या मुलांचं पुढं सांग.

बायको: तुम्ही जिना चढता ना, त्या मोठ्या माणसाला मारायला, तेव्हा डावीकडचा मुलगा म्हणाला, याला मारायला गोळी कशाला हवी, अजून एक मजला चढायला लावा. तिघंही हसले. मग आजूबाजूचेही हसले.

नट: तो प्रसंग करुण आहे. तिथं हसायचं नाहीये.

बायको: हो, पण हसले. मग तुम्ही कोटाच्या खिशात चष्मा शोधता, सापडत नाही, दुसरा खिसा शोधता, आणि तो डोक्यावर असतो. आमच्या शेजारी एक बाई नवऱ्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे आमच्याकडे रोज सकाळी असतं, त्यासाठी तिकीट काढून इथवर यायची काय गरज होती.

मेहुणा: आणि तिचा नवरा काय म्हणाला, ते सांग की.

बायको: नवरा म्हणाला, माझा चष्मा डोक्यावर नसतो, तू उचलून ठेवतेस. मग त्यांचं पुढं बराच वेळ तेच चाललं. तुमची पहिली दोन माणसं त्यात मारून झाली, त्यांचं लक्षच नव्हतं.

नट: अशा माणसांसाठी आम्ही थंडीत गच्चीवर रात्ररात्र उभे राहिलो. तोंडात दाणे, लक्ष घरच्या भांडणात. यांना काय कळणार?

मेहुणा: थंडी होती ना तेव्हा? मग पडद्यावर ऊन का होतं? भर दुपारी, रस्ता तापलेला, सगळे अर्ध्या बाहीत, आणि तुम्ही घोट्यापर्यंत कोट घालून. माझ्या पुढचा माणूस म्हणाला, याला पोलीस कशाला पकडतील, आधी उन्हाचा झटका पकडेल.

बायको: तो पुढचा माणूस म्हणाला की तू म्हणालास?

मेहुणा: सुरुवात मी केली, त्यानं पूर्ण केलं. आणि भाऊजी, ती गाडी. धंदा सोडून माणूस खेड्यात जाऊन राहतो. गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली बारा वर्षं. मग एक दिवस तो ताडपत्री ओढतो, किल्ली फिरवतो आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू. बारा वर्षं. माझ्याकडे माणसं दोन आठवडे गावाला जाऊन येतात तर बॅटरी बसलेली असते. टायर तरी खाली बसलेले दाखवायचे. मी तिथंच ठरवलं, आता हा माणूस उडून गेला तरी मी आश्चर्य करणार नाही.

नट: तो काही गाड्यांवरचा सिनेमा नाही. एका थकलेल्या मारेकऱ्याची गोष्ट आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुपाऱ्या घेऊन माणसं मारली, आता त्याला एकच शेवटचं काम करायचं आहे—

मेहुणा: शेवटचं काम कसलं? सतरा माणसं मारलीत त्यात. आणि ती बिचारीही एकेक करून येतात. दवाखान्यात बाकावर नंबर लावून बसल्यासारखी. आधीचा पडेपर्यंत पुढचा उठत नाही.

बायको: ते मलाही पुढून कुणी म्हटलेलं ऐकू आलं. एक म्हातारे गृहस्थ होते, ते मोठ्यानं म्हणाले, अरे सगळे एकदम जा ना. मग त्यांच्या मुलीनं त्यांना चूप केलं.

नट: आणखी?

बायको: मध्यंतरात बायकांच्या रांगेत उभी होते. तिथं दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, या माणसाला घरी कुणी नाही का, या वयात कामाला लावलंय ते. दुसरी म्हणाली, मुलगी आहे ना, ती रडणारी. पहिली म्हणाली, ती पहिल्यापासून एकाच डोळ्यानं रडतेय, दुसरा कोरडा. तिसरी माझ्या मागची, ती म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि गुडघे झटकून उठला. माझ्या सासूबाई पलंगावरून उतरताना घसरल्या तर तीन महिने अंथरुणात. ते झटकणं त्या बाईंना फार लागलेलं दिसलं. पुन्हापुन्हा तेच म्हणत होत्या.

नट: शाबासकी कधी येणार आहे, की नाहीच?

बायको: येईल. अजून शिव्या संपल्या नाहीत.

नट: पाचला त्याचा फोन येणार आहे. त्याआधी मला कळायला हवं.

मेहुणा: कुणाचा फोन?

बायको: दिग्दर्शकाचा. तो चष्मेवाला, आपल्याकडे येऊन गेला होता बघ, ज्यानं पायपुसण्याचाही फोटो काढला. त्यांना दुसरा भाग काढायचा आहे.

मेहुणा: याचा दुसरा भाग?

नट: तुला हसायला काय झालं? पहिल्या दिवशी गर्दी होती की नाही?

मेहुणा: गर्दी होती. पण बाहेर पडताना लोक ज्या तोंडानं पडत होते, ती तोंडं तुम्ही बघायला हवी होती. फसवून इंजेक्शन दिलेल्या पोरांसारखी.

नट: येतात ना? शिव्या द्यायला का होईना, येतात. तुला एक सांगतो. आजवर मी सिनेमात काय केलं? नायकाची कॉलर धरायची, एक वाक्य बोलायचं आणि मरायचं. पहिल्या अर्ध्या तासात मेलो नाही असा माझा एक सिनेमा दाखव. तुझी ताई पुढचे दोन तास उगाच बसून असायची, कारण लोक माझ्याबद्दल नंतरही काही म्हणतील अशी तिला आशा. कुणी म्हणायचं नाही. मेलेल्याबद्दल कोण बोलतं? या वयात पहिल्यांदा पोस्टरवर माझं तोंड आहे. पहिल्यांदा मी शेवटपर्यंत जिवंत आहे. दुसऱ्या भागातही आहे.

बायको: ते ठाऊक आहे मला.

नट: मग सांग. हाताचं कुणी काही बोललं का?

बायको: चहा निवतोय तुमचा.

नट: निवू दे. हाताचं सांग. सगळा सिनेमा त्या हातावर उभा आहे. दिग्दर्शकानं तिकिटावरसुद्धा तो हात छापलाय.

मेहुणा: ताई, सांगून टाक. नाहीतर मी सांगतो.

बायको: बोलले लोक.

नट: काय?

बायको: हसले.

नट: कुठं हसले?

मेहुणा: भाऊजी, आता मीच सांगतो, तिला जड जातंय. तुम्ही बाकावर बसलेले असता, बंदूक पिशवीत, हात मांडीवर. आणि हात थरथरत असतो. पडदाभर हातच. तो अंगठा आणि बोट एकमेकांवर घासतात, गोळी वळल्यासारखे. ठीक आहे, म्हातारा माणूस, समजलं. मग समोरून शत्रू येतो, तुम्ही बंदूक उचलता आणि हात दगडासारखा स्थिर. ठो. मारलं की हात परत मांडीवर, आणि परत थरथर. अख्ख्या थेटरात चर्चा. सगळं उलटंच केलंय की. माणूस बसलेला असताना हात गप्प असतो, काहीतरी उचललं, नेम धरला, की थरथरतो. एवढंही ज्याला कळत नाही त्यानं सिनेमे काढू नयेत. ती कॉलेजची पोरं तर शेवटी तुमच्याबरोबर करायला लागली. हात मांडीवर आला की तिघंही थरथर, बंदूक वर गेली की तिघंही स्तब्ध.

नट: आणि तू?

मेहुणा: चौथा मी. खोटं कशाला बोलू?

बायको: त्याला तिथंच चिमटा काढला मी.

नट: गाढव आहेत सगळे. तो अभ्यास आहे. मी बागेत जाऊन बसलो, म्हाताऱ्या माणसांचे हात बघितले, महिना महिना बघितले. आरशासमोर बसवलंय ते. प्रत्येक बोटाचं वेगळं. आणि तू गॅरेजवाला मला सांगतोस उलटं केलं म्हणून?

मेहुणा: रागावू नका. मी एकटा नाही म्हणत.

नट: कोणत्या बागेतल्या कोणत्या म्हाताऱ्याचं ते आहे, तेही मी सांगू शकतो.

बायको: फोन वाजतोय तुमचा.

नट: पाच कुठं वाजलेत? ... हॅलो. हं, बोला. हो, हो, घरीच. नाही नाही, ही आत्ताच बघून आली. छान, छान म्हणतात लोक. गर्दी होती म्हणाली. ... अस्सं. तुमच्याकडेही आली का मतं? ... हाताचं? ... सगळेच म्हणतात? ... नाही, माझ्या कानावर नव्हतं. ... उलटं म्हणजे कसं? ... अच्छा. मांडीवर असताना स्थिर. उचलला की थरथर. दुसऱ्या भागात तसं. ... नाही, अवघड काय त्यात? एवढं मुरलेला माणूस, असं म्हणताय खरं. ... उद्या? तुमच्या भागीदारांसमोर? नुसतं बसून दाखवायचं, हात टेबलावर ठेवून. किती वेळ? ... नाही, सहज विचारलं. ... पाच मिनिटांनी सांगू का? जरा दारात कुणी आलंय. हो. तुम्हीच करा.

मेहुणा: बघा. मी काय सांगत होतो? दिग्दर्शकालाही कळलं. चुकलं होतं ते चुकलंच होतं. आता सुलट करा आणि होऊन जाऊ द्या दुसरा भाग. त्या गाडीचं मात्र मला विचारून करायला सांगा.

बायको: तुझी मोटारसायकल खालच्यांच्या दारात आडवी लावली आहेस. ते दोनदा वर बघून गेले. जा, बाजूला काढून ये.

मेहुणा: आत्ता?

बायको: आत्ताच.

(मेहुण्याची पावलं जिन्यावर विरतात. नटाची पाठ अजून खोलीकडेच आहे.)

नट: अर्धा कप का असतो गं हल्ली?

बायको: काय?

नट: चहा. बरेच दिवस बघतोय. अर्धाच असतो. मग दहा मिनिटांनी पुन्हा अर्धा. मी म्हटलं साखरेमुळं असेल, वयाचं असेल.

बायको: एका माणसाचं मत सांगायचं राहिलंय तुम्हाला.

नट: आणखी एक शिवी?

बायको: नाही. एक बाई होती, तिनं काहीच म्हटलं नाही. लोक हसले तेव्हा ती हसली नाही. मध्यंतरातही जागेवर बसून राहिली आधी, मग उठली. पडद्यावर हात आला की ती खाली बघायची, आणि मग नाही राहवलं की वर बघायची. तिला एकटीला ते उलटं वाटलं नाही.

नट: कोण होती?

बायको: शेवटच्या रांगेत, डावीकडच्या टोकाला.

नट: तिथं तर तू बसतेस.

बायको: हो. आजवर मी तुम्हाला माझं कधी काही सांगितलं नाही. तुम्ही लोकांचं विचारलंत, मी लोकांचं सांगत आले. तसाच रिवाज पडला. म्हणून आज पहिल्यांदा भावाला बरोबर घेतलं. म्हटलं, त्या अंधारात तो हात एवढा मोठा बघायचा, तर शेजारी घरचं कुणी असावं.

नट: कधीपासून माहीत आहे तुला?

बायको: मागल्या उन्हाळ्यापासून. तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात. पान उलटायला हात उचलला की पान सरळ उलटायचं, आणि हात खाली आला की कागद वाजायचा. मला वाटलं पंख्यानं वाजतोय. मी पंखा बंद केला.

नट: तेव्हा तू म्हणालीस, वीज वाचवू या.

बायको: काहीतरी म्हणायला हवं होतं. मग शर्टांची बटणं काढून मी मोठी लावली. कप अर्धा भरायला लागले. जेवताना रेडिओ लावायला लागले, म्हणजे ताटावर चमचा वाजलेला कुणाला ऐकू येऊ नये. तुम्हाला वाटायचं मला गाण्यांचा नाद लागलाय.

नट: मला वाटायचं मी फार चांगलं लपवतोय. इतकी वर्षं नटाचं काम केलं, एक हात लपवता येत नाही?

बायको: तुम्ही तो मांडीखाली घेऊन बसता. आत्ताही तसाच बसलाय. म्हणून म्हटलं, बरं आहे पाठ करून बसण्याचा रिवाज आहे ते. दोघांचीही सोय.

नट: ती बागबीग काही नाही.

बायको: ठाऊक आहे. बागेत तुम्ही गेलात तर सर्दी होते तुम्हाला.

नट: सांगू का कसं झालं? पहिलाच दिवस. दिवे लावायला वेळ लागत होता. मला बाकावर बसवून ठेवलं होतं. मांडीखाली हात घ्यायचं विसरलो. हा चष्मेवाला पोरगा लांबून माझ्याकडे बघत होता. एकाएकी त्यानं सगळ्यांना हातानंच थांबवलं. कुणी हलू नका. कॅमेरा सावकाश पुढं आणला. आणि मग जवळ येऊन माझ्या कानात म्हणाला, काका, हे तुम्ही कुठून आणलंत? अगदी हळू म्हणाला, देवळात बोलल्यासारखा. माझ्या तोंडून गेलं, अभ्यास आहे. बस्स. मग त्यानं सगळी गोष्टच बदलली त्या हातासाठी. इतक्या वर्षांत माझ्या हाताकडे कुणी बघितलं होतं? तो फक्त कॉलर धरायचा हात होता.

बायको: बरं वाटलं असेल.

नट: फार बरं वाटलं. आणि उचलला की थांबतो, ते मी नाही गं ठरवलं. तो आपोआपच थांबतो. बंदूक धरली की मला वाटायचं, बरा झालो. खाली ठेवली की परत. आणि लोक म्हणतात खोटं आहे. त्या अख्ख्या सिनेमात कोट खोटा, गाडी खोटी, मुलीचा डोळा खोटा, सतरा माणसं खोटी. एक तेवढं खरं होतं, त्यालाच हसले.

बायको: हसले.

नट: आता उद्या त्या लोकांसमोर टेबलावर हात ठेवून बसायचं आणि तो हलवायचा नाही. मी काय करू? बसलो तर हलणार. त्यांना वाटेल जुनीच सवय. पुन्हा करा म्हणतील. तिसऱ्यांदा म्हणतील. मग त्यांतला एखादा दुसऱ्याकडे बघेल. ते बघणं मला डोळ्यासमोर दिसतंय.

बायको: आणि नाही म्हटलंत तर?

नट: तर दुसरा कुणी कोट घालेल. आणि खरं सांगितलं तर मरायलासुद्धा कुणी बोलावणार नाही. आजारी माणसाला सिनेमात मारत नाहीत, बरं दिसत नाही ते.

बायको: डॉक्टरची वेळ घेतली आहे मी.

नट: कधीची?

बायको: दोनदा घेतली, दोनदा पुढं ढकलली. सिनेमा लागेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. एकदा तुमचं तोंड पोस्टरवर लागू दे म्हटलं. लागलं. आता उद्याची आहे.

नट: उद्याचीच?

बायको: सकाळची. मला त्या चष्मेवाल्याचं माहीत नव्हतं.

नट: डॉक्टर काय म्हणेल?

बायको: ते लोक आत्ता म्हणाले त्याहून तरी बरंच म्हणेल. निदान उलटं आहे असं म्हणणार नाही.

मेहुणा: लावली बाजूला. आणि खालचे म्हणतात, तुमच्या भाऊजींना पोस्टरवर बघितलं, ओळखूच आले नाहीत. मी म्हटलं, आम्हालाही नाही आले. काय झालं? दोघं असे का बसलाय?

बायको: काही नाही. बस.

मेहुणा: फोन वाजतोय भाऊजी. मी देऊ का?

नट: दे. ... हॅलो. हो, मीच. विचार केला. ऐका, आधी माझं ऐकून घ्या. लोकांना जे उलटं वाटतंय ना, ते सुलट आहे. ... नाही, वाद नाही घालत. मला ते बदलता येणार नाही. ... जमत नाही म्हणून नाही. तो हात माझा आहे. म्हणजे, अभ्यास नाही तो. ... हो. त्या पहिल्या दिवशीही. ... नाही, तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही बघितलंत, तेच पुष्कळ. ... दीड वर्ष होईल. ... नाही, दाखवलं नाही अजून. उद्या जातोय. ही नेतेय. ... उद्याचं तेवढं रद्द करा मग. ... हो, विचारा त्यांना. कळवा सावकाश. ठेवतो.

मेहुणा: भाऊजी...

बायको: काय म्हणाला?

नट: आधी माफी मागितली. मग म्हणाला, भागीदारांशी बोलून कळवतो.

बायको: कळवतो म्हणाला.

नट: या धंद्यात कळवतो म्हणजे काय, ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

बायको: माहीत आहे.

मेहुणा: मी थेटरात हात हलवला भाऊजी. त्या पोरांबरोबर. मला काय ठाऊक?

नट: तुला ठाऊक असतं तर माझा अभिनय वाईट म्हणायला हवा.

मेहुणा: आता आठवतं, माझ्याकडे एक गाडी येते. अगदी जुनी. उभी असली की सगळं अंग थरथरतं, आरसासुद्धा धड दिसत नाही. चालायला लागली की गप्प. मालक सांगतो तेव्हा कुणाला खरं वाटत नाही. मी रोज बघतो आणि तिथं बसून मला तेवढं सुचू नये?

बायको: राहू दे आता. चिमटा काढला होता मी, तेवढी शिक्षा पुरे झाली.

नट: अगं, हा चहा पार गार झाला. दुसरा देतेस?

बायको: देते. खुर्ची इकडे वळवा आधी.

नट: शाबासकी सांगायची राहिली ना अजून? ती ऐकेपर्यंत पाठच बरी.

बायको: शाबासकी नाहीच आहे. वळवा खुर्ची.

नट: घे, वळवली. आणि कप पूर्ण भर. सांडला तर तुझा भाऊ पुसेल, त्याच्यावर ती शिक्षा राहू दे.

मेहुणा: पुसतो. दोनदा पुसतो.

नट: आता तुझं सांग.

बायको: माझं काय?

नट: लोकांचं झालं. शेवटच्या रांगेतल्या, डावीकडच्या बाईला सिनेमा कसा वाटला?

बायको: खरं सांगू?

नट: आता तोंडच तुझ्याकडे करून बसलोय.

बायको: तो कॉलेजचा मुलगा म्हणाला ना, मी सांगितला नाही तो शब्द.

नट: हं.

बायको: तोच. पण त्यातून तुमचा हात वगळून.